गिझरमधील पाण्याचा वाढीव दाब

गिझरमधील पाण्याचा वाढीव दाब ही पाणी तापविणाऱ्या घरगुती बंद टाकीत उद्भवणारी अवस्था असून तीत टाकीतील दाब उपकरणासाठी ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत किंवा तिच्याही पलीकडे जातो. सुरक्षा झडपेतून पाणी ठिबकणे, टाकीतून फुसफुस किंवा खदखद ऐकू येणे, नळातून पाण्याऐवजी वाफेचे झोत येणे आणि क्वचित टाकी फुगणे ही तिची लक्षणे होत. थंड हवामानाच्या देशांत घर उबदार ठेवणाऱ्या बॉयलरमध्येही हाच दोष आढळतो. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला आणि लगतच्या जिल्ह्यांत, खोल्या तापविणारे बॉयलर वापरात नाहीत. येथे हा प्रश्न न्हाणीघरातील विजेच्या गिझरपुरता आणि काही अंशी गच्चीवरील सौर जलतापकापुरता मर्यादित आहे. या भागातील घरांना पाणी बहुधा गच्चीवरील टाकीतून मिळते आणि त्याचा दाब अत्यल्प असतो. म्हणून येथील वाढीव दाबाचे मूळ सहसा बाहेरच्या नळजोडणीत नसून टाकीच्या आत, पाणी तापण्याच्या क्रियेतच असते.

संज्ञा व पार्श्वभूमी

‘बॉयलर’ हा शब्द वऱ्हाडात प्रथम रूढ झाला तो कापसामुळे. १८६० च्या दशकात मुंबई–नागपूर लोहमार्ग या प्रदेशातून गेला. तो १८६७ मध्ये नागपूरला पोचला. त्यानंतर अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा अशा बाजारपेठांत वाफेवर चालणारे सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांची उंच धुराडी आणि पाळी बदलताना होणारा भोंगा यांमुळे सामान्य माणसाला बॉयलर म्हणजे वाफेचे बंद भांडे हे ठाऊक झाले. त्या बॉयलरवर दाबमापी, पाण्याची पातळी दाखविणारी काचनळी आणि वजनाची किंवा स्प्रिंगची सुरक्षा झडप असे. ती पाहण्यासाठी प्रशिक्षित माणूस नेमलेला असे. आज घराघरांत असलेल्या गिझरमध्ये झडप आहे, परंतु दाबमापी नाही आणि तिच्याकडे पाहणारेही सहसा कोणी नसते.

गिझरपूर्वी स्नानाचे पाणी चुलीवरील हंड्यात किंवा तांब्याच्या बंबात तापविले जाई. बंबाच्या मधोमध असलेल्या उभ्या नळकांड्यात लाकडे, गोवऱ्या, पऱ्हाट्या किंवा तुराट्या पेटवीत आणि भोवतालच्या पोकळीतील पाणी तापे. एका प्रकारच्या बंबात नरसाळ्यातून गार पाणी ओतले की तेवढेच ऊन पाणी तोटीतून घंगाळात पडे. नरसाळे कायम उघडे असल्यामुळे बंबात दाब साठू शकत नसे. पाणी फार तापले तर ते उकळून वाफ बाहेर जाई, एवढेच. बंबाचा सुरक्षितपणा कोणत्याही झडपेवर अवलंबून नव्हता, तो त्याच्या उघड्या तोंडात होता. गिझरने सोय पुष्कळ वाढविली, पण हे उघडे तोंड बंद केले. म्हणून त्याच्या जागी झडप आली.

दाब कसा वाढतो

पाणी तापले की प्रसरण पावते. २५ अंश सेल्सिअसचे पाणी ७५ अंशांपर्यंत तापविल्यास त्याचे आकारमान सुमारे २.३ टक्के वाढते. १५ लिटरच्या गिझरमध्ये ही वाढ साधारण ३४० मिलीलिटर, म्हणजे मोठा पेलाभर होते; २५ लिटरच्या गिझरमध्ये ती अर्ध्या लिटरहून किंचित अधिक असते. हे जादा पाणी कोठेतरी जाणे अपरिहार्य आहे. थंड पाण्याच्या नळीत उलट प्रवाहाला अटकाव नसेल तर ते निमूटपणे मागे, गच्चीवरील टाकीकडे सरकते आणि घरातील कोणाच्या ते लक्षातही येत नाही. परंतु त्या नळीत एकदिश झडप असेल तर ही वाट बंद होते. पाणी हवेसारखे दाबून लहान करता येत नसल्यामुळे पूर्ण भरलेल्या बंद टाकीत तापमान थोड्या अंशांनी वाढले तरी दाब झपाट्याने चढतो आणि सुरक्षा झडप उघडून काही थेंब बाहेर पडतात. दाब उतरला की झडप पुन्हा मिटते.

हा दाब उपद्रवी असला तरी स्वतःहून फारसा विध्वंसक नसतो. चार थेंब बाहेर पडताच तो ओसरतो. खरा धोका दुसऱ्या अवस्थेत आहे. तापनियंत्रक, ज्याला सर्वत्र थर्मोस्टॅट म्हणतात, तो बिघडून त्याचे संपर्क चिकटून राहिले तर तापन थांबत नाही. दोन किलोवॅटचे तापनसूत्र १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर सुमारे १८ मिनिटांत नेते. ते चालूच राहिले तर एकंदर ४० मिनिटांच्या आत पाणी १०० अंशांवर पोचते. तीन लिटरच्या, तीन किलोवॅटच्या छोट्या गिझरला यासाठी अवघी पाच मिनिटे पुरतात. बंद टाकीत मात्र पाणी १०० अंशांना उकळत नाही, कारण दाब वाढेल तसा उत्कलनबिंदूही वर सरकतो. वातावरणाच्या दुप्पट दाबाला तो सुमारे १२० अंश असतो. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती याच कारणाने. टाकीतील दाब बाहेरच्यापेक्षा आठ बारने अधिक झाला तर पाणी जवळजवळ १७५ अंशांपर्यंत द्रवरूपातच राहते. अशी टाकी फाटली की दाब क्षणात उतरतो, त्या अतितप्त पाण्याचा काही भाग एकदम वाफ बनतो आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपटींहून अधिक जागा लागते. विध्वंस घडतो तो या क्षणी.

या अवस्थेपासून संरक्षण देण्यासाठी गिझरमध्ये एकाखाली एक अशा तीन पायऱ्या असतात. पहिली पायरी तापनियंत्रकाची. दुसरी तापविच्छेदकाची, म्हणजे थर्मल कट-आऊटची. तापनियंत्रक निकामी झाल्यास तो वीजपुरवठा तोडतो. तिसरी सुरक्षा झडपेची. काही गिझरांत याशिवाय ठरावीक तापमानाला वितळणारी मिश्रधातूची गुडदी बसविलेली असते. भारतात मिळणाऱ्या गिझरांवरील झडप बहुधा बहुउपयोगी असते. जादा दाब सोडणे, पाणी उलट जाऊ न देणे आणि टाकी रिकामी करणे ही कामे ती एकटीच करते. तिची मर्यादा सामान्यतः आठ बारच्या आसपास असते, परंतु ती उपकरणाच्या पट्टीवर पाहूनच निश्चित करावी लागते. अमेरिकेतील घरगुती जलतापकांवर दाब आणि तापमान या दोहोंना प्रतिसाद देणारी झडप लावतात. भारतीय गिझरवरील झडप मुख्यतः दाबच ओळखते, त्यामुळे येथे तापविच्छेदकाचे महत्त्व अधिक आहे.

वऱ्हाडातील पाणीपुरवठा आणि दाब

अमरावती शहराला ऊर्ध्व वर्धा प्रकल्पातून आणि अकोल्याला महान येथील काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते. अकोल्यात अनेक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येते. त्यामुळे जमिनीतील टाके, तेथून पाणी चढविणारा पंप आणि गच्चीवरील प्लॅस्टिकची टाकी ही त्रयी बहुतेक घरांत अटळ झाली आहे. गिझर थेट नळजोडणीवर चालत नाही, गच्चीवरील टाकीवर चालतो.

पाण्याच्या दहा मीटर उंचीमुळे जवळजवळ एक बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम इतका दाब निर्माण होतो. एकमजली घरात गच्चीवरील टाकी आणि न्हाणीतील गिझर यांच्या पातळ्यांत दोन-तीन मीटरचे अंतर असते, दाब ०.२ ते ०.३ बार एवढाच भरतो. चारमजली इमारतीच्या तळमजल्यावरही तो दीड बारच्या आसपास राहतो. आठ बारची झडप उघडण्यासाठी टाकी गिझरच्या वर ऐंशी मीटर असावी लागेल, आणि तेवढ्या उंच इमारती या शहरांत नाहीत. अर्थात ‘वरून प्रेशर जास्त येते म्हणून गिझर गळतो’ हे नित्य ऐकू येणारे निदान येथे बहुतेक वेळा चुकीचे असते.

याला एक अपवाद आहे. अलीकडे शॉवरची धार वाढविण्यासाठी अनेक घरांत टाकीच्या निर्गमावर प्रेशर पंप बसविला जातो. पंपाने दोन-तीन बारची भर घातली तरी दाब झडपेच्या मर्यादेखालीच राहतो, परंतु पंपासोबत एकदिश झडपही येते. पूर्वी प्रसरणाचे पाणी गच्चीवरील टाकीत परतत होते, ती वाट आता बंद होते. पंप बसविल्यानंतर गिझर ‘गळू लागला’ अशी तक्रार येते तिचे कारण बव्हंशी हेच असते. झडप बिघडलेली नसते, उलट तिला प्रथमच काम मिळालेले असते.

टंचाईच्या दिवसांत याच्या उलट अडचण येते. गच्चीवरील टाकी कोरडी पडली आणि गिझरच्या मार्गात एकदिश झडप नसली, तर खालचा नळ उघडताच गिझरमधील पाणी मागे ओढले जाते. तापनसूत्र उघडे पडून लाल होते आणि पाणी परत आले की त्यावर एकदम वाफ धरते. ज्या घरांत पाणी दिवसाआड येते तेथे ही झडप शोभेची वस्तू नाही.

दोषाचा शोध

दोष शोधताना पाणी किती गळते यापेक्षा ते केव्हा गळते याला महत्त्व असते. गिझर तापत असतानाच थेंब पडून नंतर थांबत असतील आणि एकूण पाणी पेलाभरापेक्षा अधिक नसेल, तर ते केवळ प्रसरण होय. येथे दुरुस्तीची गरज नसते. झडपेच्या तोंडाला नळी जोडून ती उतरती, उघड्या टोकाची अशी मोरीपर्यंत न्यावी म्हणजे झाले.

गिझर बंद आणि पाणी पूर्ण गार असतानाही ठिबक चालू राहिल्यास दोन शक्यता उरतात. पहिली, झडपेच्या बैठकीवर क्षाराचा किंवा वाळूचा कण अडकणे. वऱ्हाडात हीच शक्यता बळकट असते. झडपेची तरफ दोन-तीनदा उचलून पाणी वाहू दिल्यास कधी कधी कण निघून जातो. दुसरी, येणाऱ्या पाण्याचाच दाब अधिक असणे. ती पडताळण्यासाठी थंड पाण्याच्या नळाला काट्याचा दाबमापी जोडून वाचन घ्यावे लागते. वाचन मर्यादेच्या खाली असूनही ठिबक न थांबल्यास झडप बदलणेच योग्य ठरते. नवी झडप त्याच मर्यादेची हवी. अधिक बारची झडप लावून ठिबक थांबविणे म्हणजे दुखणे बरे करण्याऐवजी रोग्याचे तोंड बांधणे होय.

नळातून उकळते पाणी व वाफ येणे, टाकीत खदखद ऐकू येणे, पाणी पुरेसे तापल्यावरही दर्शक दिवा न विझणे ही तापनियंत्रक निकामी झाल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी गिझरच्या बटणाला हात न लावता घराच्या मुख्य फलकावरून वीज बंद करावी, न्हाणीघर रिकामे करावे आणि टाकी पूर्ण निवेपर्यंत काही तास जाऊ द्यावेत. थंड पाण्याचा कॉक बंद करू नये आणि झडप सैल करण्याचा प्रयत्न करू नये. त्यानंतर तापनियंत्रक व तापविच्छेदक जाणकाराकडून तपासून घ्यावे लागतात. तापविच्छेदक एकदा तुटल्यावर कळ दाबून गिझर पुन्हा चालू होतो आणि ‘काही नव्हते’ असे म्हणून विषय संपतो. वस्तुतः पहिली पायरी ढासळल्यामुळेच तो तुटलेला असतो.

बसवणुकीतही दोष असू शकतो. टाकी आणि सुरक्षा झडप यांच्या दरम्यान कोणताही कॉक असता कामा नये. तो चुकून बंद राहिला तर झडप असून नसल्यासारखीच. काही छोटे तापक उघड्या निर्गमाचे असतात. त्यांच्या गरम पाण्याच्या तोंडावर नळ बसवायचा नसतो. तो बसवून बंद केला की दाब सहन करण्यासाठी न बनविलेली टाकी दाबाखाली येते.

खारे पाणी आणि अडकलेली झडप

गाविलगड डोंगररांगेच्या दक्षिणेस, पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतील अनेक गावांचे भूजल गाळाच्या थरांतील क्षारांमुळे खारे आहे. पिण्यासाठी वान, शहानूर अशा धरणांवरील नळयोजनांचे पाणी मिळाले तरी नाहणे-धुणे पुष्कळ ठिकाणी बोअरच्या पाण्यावर चालते, आणि गिझरमध्ये जाते ते हेच पाणी. पट्ट्याबाहेरील काळ्या दगडातील विहिरींचे पाणीही बहुधा जड असते.

जड पाणी तापले की त्यातील विद्राव्य बायकार्बोनेटांचे अविद्राव्य कार्बोनेटांत रूपांतर होते आणि तापनसूत्रावर पांढरा, टणक थर चढतो. ६० अंशांच्या वर ही क्रिया वेगाने होते. थरामुळे सूत्राची उष्णता पाण्यात नीट जात नाही. थराखाली अडकलेले पाणी वाफ होऊन फुटू लागते आणि गिझर कढईसारखा तडतडतो. हा आवाज स्वतः दाबाचा नसला तरी पुढच्या दोषाची वर्दी देतो, कारण तोच थर झडपेच्या स्प्रिंगवर आणि बैठकीवरही बसत असतो. झडप प्रथम नीट मिटत नाही म्हणून ठिबकते. थर वाढल्यावर ती जागच्या जागी चिकटते आणि ठिबक आपोआप थांबते. घरच्यांना दोष दूर झाल्याचे समाधान वाटते. जड पाण्याच्या गावात, मार्गात एकदिश झडप असूनही वर्षानुवर्षे एक थेंबही न सोडणारी झडप ही ठिबकणाऱ्या झडपेपेक्षा अधिक संशयास्पद समजावी.

त्यामुळे या भागात झडपेची तरफ दर दोन-तीन महिन्यांनी, पाणी गार असताना, उचलून पाणी मोकळेपणाने येते की नाही हे पाहणे उपयुक्त ठरते. वर्षातून एकदा, बहुधा थंडीपूर्वी, टाकी रिकामी करून सूत्रावरील थर सायट्रिक आम्लाच्या म्हणजे लिंबूसत्त्वाच्या द्रावणाने काढतात. टाकी गंजू नये म्हणून आत बसविलेला मॅग्नेशियमचा दांडा खाऱ्या पाण्यात लवकर झिजतो. तोही त्याच वेळी पाहावा. गंजून पातळ झालेली टाकी तिच्या मूळ मर्यादेइतका दाब पेलू शकत नाही. तापनियंत्रक ५५ ते ६० अंशांवर ठेवल्यास थर, प्रसरण आणि वीजखर्च ही तिन्ही कमी होतात. वऱ्हाडच्या हिवाळ्यात स्नानाला याहून अधिक तापमानाची गरज नसते. मे महिन्यात तर गच्चीवरील टाकीतले पाणीच दुपारी अंगावर घेता येत नाही.

झडप बंद करण्याचे परिणाम

ठिबक थांबविण्यासाठी झडपेच्या तोंडात लाकडी गुडदी मारणे, तेथे आंधळे झाकण बसविणे किंवा झडप काढून साधा जोड लावणे हे उपाय आजही केले जातात. तापनियंत्रक नीट आहे तोवर त्याचा परिणाम दिसत नाही; प्रसरणाचा ताण सांधे आणि टाकीचे जोड सोसत राहतात. तापनियंत्रक बिघडला की मध्ये काहीच उरत नाही. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील स्पेन्सर येथे १९ जानेवारी १९८२ रोजी एका प्राथमिक शाळेतील जलतापक जेवणाच्या सुट्टीत फुटला. लगतच्या भोजनगृहाची भिंत कोसळून सात जण मरण पावले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. तापननियंत्रण बिघडलेले होते आणि सुरक्षा झडपेच्या रचनेत फेरफार केलेला होता, असे चौकशीत आढळले.

सौर जलतापक

गच्चीवरील बहुतेक काचनळ्यांचे सौर जलतापक बिनदाबाचे असतात. त्यांच्या टाकीला वर उघडी श्वासनळी असते आणि तिचे काम बंबाच्या नरसाळ्याचेच असते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात, विशेषतः घर काही दिवस बंद असताना, या टाकीत पाणी उकळू शकते आणि वाफ श्वासनळीतून निघते. ती नळी क्षाराने, पक्ष्याच्या घरट्याने किंवा कोणी कचरा पडू नये म्हणून लावलेल्या बुचाने बंद झाली तर आतला पत्रा फुगतो. पाणी वेगाने उपसले गेल्यास उलट तो आत चेपतो. अशा टाकीच्या अलीकडे प्रेशर पंप जोडणे योग्य नसते. पंप हवाच असेल तर दाब सहन करणारी टाकी घ्यावी लागते.

थंड देशांतील घर तापविणारे बॉयलर

ब्रिटन, आयर्लंड, उत्तर अमेरिका येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा दोष वेगळ्या रूपात भेटतो. तेथील बॉयलर पिण्याचे किंवा नाहण्याचेच पाणी तापवितो असे नाही. भिंतीलगतच्या रेडिएटरांतून तेच ते पाणी फिरवून तो खोल्या उबदार ठेवतो. ब्रिटनमधील बंद मंडलात गार असताना दाब १ ते १.५ बार ठेवतात, तापल्यावर तो २ बारपर्यंत चढतो आणि ३ बारला झडप उघडते. बॉयलरवर दाबमापी असतो, हा गिझरहून महत्त्वाचा फरक. प्रसरणासाठी तेथे विस्तारपात्र असते. त्यात रबरी पडद्याच्या एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस हवा असून हवा दबून पाण्याला जागा देते.

काटा गार असतानाच चढलेला असेल तर पाणी भरण्याच्या जोडनळीचा कॉक अर्धवट उघडा राहिला आहे का, हे प्रथम पाहावे. बहुतेक वेळा तेच कारण निघते. कॉक बंद करून बॉयलर निवल्यावर एखाद्या रेडिएटरमधून थोडे पाणी सोडले की काटा खाली येतो. गार असताना काटा ठीक आणि तापताच तीनकडे धावत असेल तर विस्तारपात्रातील हवा गेलेली असते. ती भरणे किंवा पात्र बदलणे हे तंत्रज्ञाचे काम आहे. कॉक पक्का बंद असूनही दाब दिवसागणिक वाढत राहिला तर बॉयलरमधील उष्णता-विनिमयक आतून गळत असण्याची शक्यता असते.

कायदा व मानके

कोलकात्यात १८६३ मध्ये झालेल्या भीषण बॉयलर स्फोटानंतर बंगालमध्ये १८६४ साली तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांतीच्या कायद्यांच्या जागी १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला आणि आता त्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. महाराष्ट्रात कारखान्यांतील बॉयलरांची तपासणी बाष्पके संचालनालय करते. वाफ निर्माण करण्यासाठी नसलेला आणि पाणी १०० अंशांखालीच तापविणारा घरगुती गिझर या तपासणीच्या कक्षेत येत नाही. त्याच्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस २०८२ हे साठवणीच्या विद्युत जलतापकांचे मानक लागू आहे. उपकरणाच्या पट्टीवर टाकीची क्षमता, विद्युतशक्ती आणि दाबाची मर्यादा नोंदलेली असते. झडप बदलताना हाच शेवटचा आकडा दुकानदाराला सांगावा लागतो.